उद्घाटनाची पेनल्टी

सौंसरच्या बसस्टँडवर रघुनाथरावचा जो भल्ला मोठा फ्लेक्स लागला हाय ना, त्याच्या डाव्या कोपऱ्यात मातीत तोंड घालून एक पोट्टी पालथी पडलेली दिसते. ती मी. करुणा. सौंसरच्या पोरींच्या फुटबॉल टीमची गोली. फ्लेक्सवर माह्यं नाव नाही. नाव सारं रघुनाथरावचं, हार रघुनाथरावच्या गळ्यात, पाय रघुनाथरावचा हवेत, बॉल जाळीत, अन् मी मातीत.

आता तुमी म्हणसान, एवढं काय त्यात? गोलीले गोल होतेच. होतेच ना बाप्पा! पण खरा व्हावा लागते. हा खोटा होता.

पांढुर्ण्याले दरवर्षी संत्र्याच्या दिवसात पोरींचे सामने होतात, पंधरा वर्षांच्या आतल्या. रघुनाथरावच्या वडिलांच्या नावानं. रघुनाथराव म्हणजे संत्र्याचे मोठे बागाईतदार. मांडव त्यायचा, कप त्यायचा, जर्सी त्यायच्या, अन् मुख्य अतिथी पण तेच. नवरदेवही तोच अन् वरातीतला घोडाही तोच. तिथं एक रीत पडून गेली हाय. नारळ फुटला का बॉल पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवायचा, रघुनाथरावनं पांढऱ्या कपड्यात, काळ्या चामड्याच्या जोड्यात येऊन तो मारायचा, अन् गोलीनं उलट्या बाजूले उडी टाकायची. गोल! मंग रघुनाथरावचा माणूस चिंधूभाऊ फटाक्याची लड लावते, लोकं टाळ्या वाजवतात, अन् त्याच्यानंतर खऱ्या मॅची सुरू होतात. याले म्हणतात उद्घाटनाची पेनल्टी.

मागच्या वर्षी मी टीमात नवी होती. आमचे रोहित सर म्हणाले, "करुणा, यंदा उद्घाटनाले तू उभी राहा. ते तुह्या उजवीकडं मारतात. तू डावीकडं पड." मी पडली. मले वाटलं, मान देऊन राहिले. कोणीतरी फोटो काढला, तेही मले ठाऊक नव्हतं. अन् यंदा सामन्याच्या आधी तोच फोटो गावोगाव टांगला. रामाकोन्याच्या चौकात हाय, पांढुर्ण्याच्या स्टेशनाबाहेर हाय, अन् आमच्या बसस्टँडवरचा तर सगळ्यात मोठा.

तो आधी बाबानं पाह्यला. माह्ये बाबा, शालिकराम, नगरपालिकेत पाण्याचे वॉल खोलतात. सकाळी नळ सोडून घरी आले ते सायकल उभी न करताच ओरडले, "इंदू! अवं इंदू! आपली करुणा बसस्टँडवर लागली वं!" आई पीठ भरल्या हातानं गेली पाहाले. बाबा तर चार दिवस ज्याले त्याले धरून तिथं नेत होते. "ते कोपऱ्यात दिसते ना, ते आपली पोरगी." त्यायले गोल कोणावर झाला, कोणी मारला, काही समजत नाही. पोरीचा फोटो लागला, एवढंच समजते.

मंग पानठेल्यावरच्या एकानं म्हटलं, "शालिकराम, तुही पोरगी मैदानात झोपाले जाते काय बे?" सारे दात काढून हासले. बाबाही हासले त्यायच्यासोबत. घरी येऊन कोणालेच काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून बाबाची सायकल बसस्टँडवरून जात नाही, मागच्या गल्लीनं जाते. उगाच लांबचा फेरा पडते.

शाळेत तर विचारूच नका. "का वं करुणा, उठली काय?" रोज. मी दोघांले हाणलं पण. पण बसस्टँडवर टांगलेल्या फ्लेक्सले कोण हाणंल?

म्हणून यंदा पांढुर्ण्याले जाताना बसमधी रोहित सर माह्याजवळ येऊन बसले अन् म्हणाले, "करुणा, उद्घाटनाले तूच. मागच्या वर्षीसारखं," तवा मी सरळ सांगून देलं, "नाही जी सर. मी यंदा अडवन."

सरले वाटलं मी गंमत करून राहिली. हासले. मी हासली नाही.

"येडी झाली काय वं? आंगावरची जर्सी कोणाची? पायातले बूट कोणाचे?"

"पाय माह्ये हायेत," मी म्हटलं.

"एका बॉलानं काय बिघडते तुह्यं?"

"बिघडते सर. माह्या बाबाची सायकल मागच्या गल्लीनं जाते."

सरले ते काही समजलं नाही, अन् मी समजावत पण बसली नाही. सर वाईट नाहीत. पण मोठा माणूस समोर आला का त्यायची मान आपोआप हाले लागते. ते उठले अन् सारी टीम ऐकंल अशा आवाजात बोलले, "ऐकून घे. तू तो बॉल अडवला, तर मॅचमधी तू बाहेर बसशीन. गोलात उषा उभी राहीन. विषय संपला."

उषा आमची दुसरी गोली. तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. पुढच्या सीटवरून आमची कप्तान दामिनी मागं वळून माह्याकडं पाहत होती. मी मात्र मनात हिशोब लावून टाकला. सोडला तर मॅच खेळाले भेटते, अन् पुढच्या वर्षी पुन्हा फ्लेक्सवर लोळावं लागते. अडवला तर ज्याच्यासाठी सालभर गुडघे फोडले, तो खेळच जाते. दोन्हीकडून मार माह्यालेच. मंग जे मले बरोबर वाटते तेच करून मार खावा ना!

मैदानावर गर्दी लय होती. चुन्याच्या पांढऱ्या रेषा नव्या मारलेल्या, मांडवात खुर्च्या, समोर रघुनाथरावच्या नावाची कमान, भोंग्यावर एक जण हिंदीत बोलत होता. यंदा रेफरी छिंदवाड्याहून आल्या होत्या, शकुंतला मॅडम. बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले, तोंडावर हासू नावाले नाही. त्यायले आमच्या इकडची रीत कोणी सांगितलीच नव्हती वाटते. कारण बॉल ठिपक्यावर ठेवल्यावर त्या बाजूले उभ्या राहून टाळ्या वाजवाच्या सोडून, पेनल्टीच्या वक्ती रेफरी जिथं उभा राहते, तिथंच जाऊन शिट्टी धरून उभ्या राहिल्या.

नारळ फुटला. भोंगा बोलला, "अब माननीय मुख्य अतिथी महोदय अपने करकमलों से…" करकमलांनी कोण लात मारते, देव जाणे. चिंधूभाऊ गोलामागं लड पसरून काडी घेऊन तयार. रोहित सरनं रेषेबाहेरून मले बोट दाखवलं, डावीकडं.

रघुनाथराव आले, मारला. दरवर्षी मारतात तसा, माह्या उजवीकडं, सरपटत. मी उजवीकडं गेली. त्यात काही कला नव्हती. वाटाणे निवडत बसलेल्या बाईनंही अडवला असता. बॉल छातीशी धरून मी उभी राहिली.

चिंधूभाऊनं काडी पेटवली होती. ती बोटापर्यंत जळत आली तवा तो "अवं माय!" म्हणून ओरडला अन् लोकं हासले. लोकं चिंधूभाऊवर हासले होते, पण रघुनाथरावले वाटलं आपल्यावर हासले. तिथंच सारं बिघडलं.

ते आधी हासले, मंग भोंग्यावाल्याच्या हातून माइक घेतला. "पोरगी हुशार हाय. पण रेषेच्या पुढं आली होती ना! आम्हीही खेळलो हाव लहानपणी. मॅडम, नियम लावा. खेळ म्हटला का नियमानं झाला पाहिजे!"

नाचता येईना अंगण वाकडं, मी मनात म्हटलं. पण शकुंतला मॅडमनं मान हलवली. "बरोबर आहे. किक बसायच्या आधी गोलकीपरचे दोन्ही पाय रेष सोडून पुढे आले होते. एक तरी पाय रेषेवर पाहिजे. किक पुन्हा होईल." मंग माह्याकडं पाहून, "ही ताकीद समज."

अन् खरं सांगते, त्या बरोबर होत्या. माह्ये पाय सुटले होते. रागाच्या भरात मी आधीच झेपावली होती. नियम म्हणजे नियम. मी मुकाट्यानं परत रेषेवर गेली.

रोहित सर धावत गोलाजवळ आले. तोंड लालबुंद. "पाहा करुणा, आता सोडून दे. कोणी काही म्हणणार नाही. मी पण विसरून जाईन. मॅच खेळशीन तू."

"टाच रेषेवर ठेवन सर," मी म्हटलं. "बस तेवढंच बदलन."

रघुनाथराव या वक्ती मागं गेले, धोतरासारखा पायजमा वर खोसला, अन् धावत आले. मी टाच चुन्यात रोवून उभी. ते बॉलाजवळ पोचले, पाय उचलला, मी गेली उजवीकडं, अन् पाय तसाच हवेत थांबला. तसाच! मी मातीत पालथी. मंग त्यायनं निवांत, जावयाले पान देल्यासारखा, बॉल दुसऱ्या बाजूले ढकलला.

गोल. चिंधूभाऊनं लड लावून देली, धडधड धडधड. टाळ्या. अन् फोटोवाला माह्या डोक्याशी बसून फोटो काढून राहिला. पुन्हा तोच कोपरा, पुन्हा तोच मातीतला चेहरा. माह्या डोळ्यात पाणी आलं. रडूचं नाही, रागाचं. मले डोळ्यासमोर पुढच्या वर्षीचा फ्लेक्स दिसून राहिला होता, अन् त्याच्याखालून न जाणारी बाबाची सायकल.

लड संपली, धूर जराक कमी झाला, तवा समजलं का शिट्टी वाजून राहिली हाय. केव्हाची वाजून राहिली होती. शकुंतला मॅडमचा एक हात वर होता.

"गोल नाही."

"काय?" रघुनाथराव म्हणाले.

"धावता धावता थांबलं तर चालतं. पण बॉलाजवळ पोचून, पाय उचलून, हूल देऊन थांबलं तर चालत नाही. गोल धरला जात नाही." एवढं बोलून मॅडमनं खिशातून पिवळं कार्ड अर्धं बाहेर काढलं. मंग समोर मुख्य अतिथी हायेत हे आठवलं असन, ते परत आत घातलं.

रघुनाथराव माइकशिवायच एवढे जोरात बोलले का मांडवातल्या शेवटच्या खुर्चीले ऐकू गेलं. "अवं मॅडम, हे उद्घाटन हाय! मॅच थोडी हाय?"

अन् माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठली. तोंडातली माती थुंकली.

"काकाजी, माहा पाय रेषेवरून सुटला तवा मॅच होती. तुमचा पाय हवेत थांबला तवा उद्घाटन झालं काय?"

मले थांबता येत नव्हतं. "माइकवर कोण म्हटलं, नियम लावा? मी म्हटलं काय? तुमीच म्हटलं ना! मंग आता लागला तर कायले बोंबलता? आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं?"

"बराबर हाय पोरीचं!" मांडवाच्या बाहेरून, संत्र्याच्या ढिगाजवळ बसलेली एक बाई ओरडली. तिच्यासोबतच्या बाया हासल्या. या वक्ती लोकं कोणावर हासले त्यात काही शंका नव्हती.

शकुंतला मॅडमनं मले पाह्यलं. मंग पिवळं कार्ड पुरं बाहेर काढलं, वर धरलं, रघुनाथरावच्या तोंडासमोर. "उद्घाटन असो का मॅच. नियम तुम्ही मागितला, मी लावला."

रोहित सर आले अन् माह्ये हातमोजे ओढूनच काढले. मी काढू देले. अडवला तर बाहेर, हे मले आधीच ठाऊक होतं. "हो बाहेर," सर म्हणाले. "एवढ्या मोठ्या माणसाले भर मैदानात! उषा, घाल मोजे."

उषानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "नाही जी सर."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. गोली करुणा हाय."

सरनं मोजे पुढच्या पोरीकडं केले. तिनं मान हलवली. तिच्या पुढचीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, पण हात पुढं केला नाही. असे ते मोजे आमच्या साऱ्या टीमसमोरून फिरले अन् कोणीच धरले नाहीत. शेवटी सर दामिनीसमोर आले. कप्तान ती. सरची लाडकी पण. दामिनीनं मोजे घेतले.

तिनं त्यायची माती झटकली, माह्याजवळ आली अन् माह्या हातात कोंबले. "घाल लवकर. बावळटासारखी उभी काय राहिली?" मंग सरकडं वळून, "सर, ही बाहेर बसन तर आम्ही सारेच बसतो. तुमी एकटे खेळा."

मी बसमधी रडली नव्हती, मातीत रडली नव्हती. तिथं रडली. पण एक हात डोळ्यावर अन् एक हात मोज्यात, म्हणून लय वेळ काही रडता आलं नाही.

सरनं रघुनाथरावकडं पाह्यलं. रघुनाथराव बॉलाजवळ तसेच उभे होते, कपाळाचा घाम पुसत. त्यायले आता काहीही करून हे संपवाचं होतं, अन् संपवाचं म्हणजे त्यायच्या पायानं संपवाचं. "बरं मॅडम," ते म्हणाले, "मंग काय म्हणते तुमचा नियम? तिसऱ्यांदा मारू म्हणते काय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमची किक संपली. पहिल्यांदा चूक गोलकीपरची होती, म्हणून तुम्हाला पुन्हा भेटली. आता चूक तुमची. आता फ्री किक यांची."

"यांची म्हणजे कोणाची?"

"गोल राखणाऱ्या टीमची."

साऱ्या मैदानानं माह्याकडं पाह्यलं. मी दुसरा मोजा चढवला, नाक पुसलं, ठिपक्याजवळ गेली अन् बॉल नीट ठेवला. रघुनाथराव समोरच उभे. हालेचनात.

"बाजूले व्हा काकाजी. लागन."

ते तरी हालले नाहीत. मले काय पाहत होते देव जाणे. कदाचित मी भिऊन मागं सरकते का ते पाहत असन. मी नाही सरकली.

"दहा यार्ड," शकुंतला मॅडम म्हणाल्या. "नियमानं दहा यार्ड दूर व्हा."

अन् रघुनाथराव मागं सरकले. एक पाऊल, मंग आणखी एक. मॅडम हातानं "अजून, अजून" करत होत्या. ते उलट्या पावलानं सरकता सरकता पार आपल्या नावाच्या कमानीखाली जाऊन पोचले.

मी मागं गेली. धावत आली. मधात थांबली नाही, हूल देली नाही, त्या फ्लेक्सचा सारा राग पायात घेऊन एक लात हाणली. बॉल मांडवाच्या वरून, भोंग्याच्या वरून, संत्र्याच्या ढिगाच्या वरून गेला अन् पार रस्त्यापलीकडं पडला. "पकड वं, पकड!" करत त्या बाया हासून राहिल्या. चिंधूभाऊजवळ शेवटच्या कार्यक्रमासाठी एक लड ठेवली होती. कोणी सांगितलं नाही, विचारलं नाही, त्यानं ती काढली अन् लावून देली. धडधड धडधड. अन् भोंग्यावाला सवयीनं बोलून गेला, "और इसी के साथ उद्घाटन संपन्न हुआ!"

झालं उद्घाटन. मी केलं.

मॅच आम्ही हरलो, सांगून टाकते. एक गोल झाला माह्यावर. पांढुर्ण्याच्या पोरीनं लांबून असा टोला हाणला का माह्या बोटाले लागून आत गेला. बोट अजून दुखून राहिलं. पण तो गोल खरा हाय, अन् त्याच्यासाठी मले कोणी झोपली म्हटलं तर मी ऐकून घेईन. कप रघुनाथरावनं देला नाही, तब्येत बिघडली म्हणून लवकर घरी गेले. पुढच्या वर्षी जर्सी भेटत नाही असं रोहित सर म्हणून राहिले. नाही भेटली तर शाळेच्या ड्रेसवर खेळू. त्यात काय!

पेपरात फोटो आला. मातीतला नाही. पाय हवेत, मोजे हातात, बॉल फोटोच्या बाहेर गेलेला, अन् मागं कमानीखाली रघुनाथराव डोक्यावर हात धरून वाकलेले. खाली नाव छापलं, करुणा शालिकराम, सौंसर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मले बाबाले शोधाले पाठवलं. वॉल खोलून केव्हाचे यायचे होते, आले नव्हते. मागच्या गल्लीत पाह्यलं, नव्हते. मंग बसस्टँडवर गेली. नागपूरची बस लागली होती, अन् फ्लेक्सच्या बरोबर खाली बाबाची सायकल उभी. बाबा पेपर उघडून उभे होते, भोवती दहा-बारा लोकं, त्यात तो पानठेल्यावरचा पण. एक जण मान वर करून फ्लेक्सकडं पाहून काहीतरी म्हणाले लागला, तर बाबानं त्याच्या हनुवटीले धरून त्याची मान खाली केली.

"वरतं काय पाहून राहिला बे?" बाबा म्हणाले. "इथं पाह्य. डोळे फुटले काय तुह्ये? उभी हाय पोरगी."